पारंपरिक डकोटा जीवनपद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटात नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना गावांच्या, तळ्यांच्या आणि रस्त्यांच्या नावांतून डकोटा भाषा रोज भेटते, परंतु ती बोलणाऱ्या लोकांविषयी मराठीत वाचायला फारसे मिळत नाही. पुढील उत्तरे प्रामुख्याने अशा वाचकांना समोर ठेवून लिहिली आहेत. पारंपरिक जीवनाविषयी लिहिताना भूतकाळ टाळता येत नाही, पण जी रीत आजही पाळली जाते तिच्याविषयी जाणीवपूर्वक वर्तमानकाळ वापरला आहे.

डकोटा हे राज्याचे नाव आहे की लोकांचे?

मुळात लोकांचे. त्यांच्या स्वतःच्या उच्चारात ते 'दाखोता' असे आहे आणि त्याचा अर्थ मित्र, सोबती, ज्यांच्याशी सख्य आहे ते लोक, असा होतो. १८८९ साली अमेरिकेच्या संघराज्यात आलेल्या दोन राज्यांनी हे नाव घेतले. ज्या डकोटा विमानांनी ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला आपले सैन्य उतरवले त्यांच्यामुळे ते भारतात पोहोचले, आणि आपल्याकडे तर खडखडत चालणाऱ्या जुनाट गाडीलाही 'डकोटा' म्हणतात. ज्यांचे ते नाव आहे ते लोक मात्र या सगळ्या प्रवासात मागेच राहिले.

डकोटा, लाकोटा आणि सू यांत फरक काय?

'सू' हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी वापरलेल्या एका शब्दाला फ्रेंच व्यापाऱ्यांनी आपले अनेकवचनी शेपूट जोडले आणि त्याचा शेवटचा तुकडा तेवढा इंग्रजीत उरला. करारांच्या मसुद्यांत आणि काही शासनमान्य जमातींच्या अधिकृत नावांत तो अजून आहे.

त्यांचे स्वतःचे नाव 'ओचेती शाकोविन', म्हणजे सात अग्निकुंडे. प्रत्येक कुंड म्हणजे सल्लामसलतीसाठी एकत्र बसणारा एक समूह. पूर्वेकडील चार समूह, म्हणजे म्देवाकांतोन, वाहपेकुते, वाहपेतोन आणि सिसेतोन, हे मिनेसोटातील तळी, जंगले आणि नद्यांच्या काठचे. मधले दोन यांक्टन आणि यांक्टनाय. आणि सातवा, संख्येने सर्वांत मोठा, पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातील तेतोन, म्हणजेच लाकोटा. चित्रपटांत दिसणारा घोडेस्वार, रानगवे मारणारा 'इंडियन' बहुतेक वेळा या सातव्या समूहावर बेतलेला असतो. या पृष्ठावर मुख्यतः पूर्वेकडील चार समूहांच्या जीवनाविषयी लिहिले आहे, आणि ते त्या प्रतिमेहून बरेच वेगळे आहे.

त्यांची भूमी नेमकी कोणती?

'म्नी सोता माखोचे', म्हणजे जिथल्या पाण्यात आकाश उतरते ती भूमी. 'म्नी' म्हणजे पाणी. मिनेसोटा, मिनेटोंका, मिनेहाहा या सर्व नावांत ते आहे आणि मिनियापोलिसमध्ये त्याला नगर या अर्थाचा ग्रीक शब्द जोडला आहे. मिनेसोटा नदी जिथे मिसिसिपीला मिळते त्या संगमाला 'ब्दोते' म्हणतात आणि अनेक डकोटा लोक त्याला आपल्या उत्पत्तीचे स्थान मानतात. ज्यांना गोदावरी-कृष्णेच्या संगमस्थळांचे महात्म्य ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मिनियापोलिसच्या विमानतळापासून हे ठिकाण मोटारीने काही मिनिटांवर आहे, आणि त्याच्या वरच्या कड्यावर अमेरिकन सैन्याने १८२० च्या दशकात फोर्ट स्नेलिंग हा किल्ला बांधला. त्या किल्ल्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

ते शेती करत की शिकार?

दोन्ही, आणि त्याखेरीज आणखी बरेच काही; कारण वर्ष एका उद्योगावर चालत नसे, ते ऋतूंप्रमाणे मुक्काम बदलत चाले. महिन्यांची, खरे तर चंद्रांची, जुनी नावेच या चक्राची दिनदर्शिका आहेत : मार्च हा बर्फाच्या चकाकीने डोळे दुखण्याचा चंद्र, एप्रिल रानहंसांनी अंडी घालण्याचा, मे पेरणीचा, जून स्ट्रॉबेरीचा, सप्टेंबर जंगली तांदूळ वाळत घालण्याचा, डिसेंबर हरणांची शिंगे गळण्याचा, आणि जानेवारी नुसताच कठीण चंद्र.

वसंताच्या आरंभी, रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते अशा मोजक्या आठवड्यांत, कुटुंबे मेपलच्या राईत मुक्कामाला जात. झाडाच्या खोडाला खाच पाडून, त्यात लाकडी पन्हळ बसवून, थेंब थेंब रस सालीच्या भांड्यांत जमा करायचा आणि तो रात्रंदिवस आटवायचा, हे काम मुख्यतः स्त्रियांच्या देखरेखीखाली चाले. ज्यांनी कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना ते दृश्य ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की मेपलचा रस उसाच्या रसापेक्षा फार पातळ असतो आणि सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा काकवीसारखा दाट पाक एक लिटर मिळतो. तो आणखी आटवून, घोटून साखर करत, कारण ती वर्षभर टिके. साखरेला डकोटा भाषेत आजही जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'झाडाचा रस' असा होतो.

उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत मका पेरला जाई. जून-जुलैत माळरानावर 'तिप्सिना' नावाचे कंद खणत. ते सोलून, त्यांच्या लांब मुळ्या एकमेकींत गुंफून, आपल्याकडे लसणाची वेणी घालून टांगतात तशा वेण्या वाळत टांगत. शरद ऋतूत हरणांच्या शिकारीसाठी लांबचे मुक्काम पडत आणि पश्चिमेकडे रानगवेही मारले जात. वाळवलेले मांस कुटून, त्यात वाळवलेली रानटी चेरी आणि चरबी मिसळून 'वास्ना' केला जाई, जो प्रवासात महिनोन्महिने टिकत असे.

या सगळ्यांत एक छोटी गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. ओढ्याकाठी जमिनीखाली शेंग धरणारा एक वेल उगवतो. त्याचे दाणे रानउंदीर हिवाळ्यासाठी बिळात साठवून ठेवतात. डकोटा स्त्रिया काठीने जमीन चाचपून ती कोठारे शोधत आणि दाणे काढून घेत, परंतु बीळ रिकामे सोडत नसत. त्या जागी मका किंवा चरबी ठेवून येत, कारण उंदरालाही लेकरे असतात आणि हिवाळा त्यालाही काढायचा असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका वनस्पती-अभ्यासकाने ही रीत लिहून ठेवली आहे.

जंगली तांदूळ हा खरोखर तांदूळ असतो का?

वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने नाही. आपला भात आणि हे उथळ, संथ पाण्यात आपोआप उगवणारे उंच गवत एकाच तृणकुळातले, पण वेगळ्या प्रजातींचे. दाणा लांब, सडपातळ आणि तपकिरी असतो. पण त्यामागचे श्रम कोकणातील कोणत्याही घराला परके वाटणार नाहीत.

दाणा पिकण्यापूर्वीच स्त्रिया होडीतून जाऊन ताटांच्या पेंढ्या बांधून ठेवत, म्हणजे पक्ष्यांचा उपद्रव कमी होई आणि कोणती पेंढी कोणाची हेही कळे. पीक तयार झाले की एकीने होडी पुढे रेटायची आणि दुसरीने दोन काठ्या घेऊन एका काठीने ताटे होडीवर वाकवायची व दुसरीने हलकेच झोडपायची. जोर लावून झोडपत नसत, कारण पिकलेला दाणा स्पर्शानेच गळतो आणि हिरवा दाणा पुढच्या फेरीसाठी राहू द्यायचा असतो. शिवाय जो पाण्यात पडतो तोच पुढच्या वर्षीचे बियाणे. मग वाळवणे, विस्तवावर भाजणे, कातडे अंथरलेल्या खड्ड्यात टाकून मऊ चामड्याचे जोडे घातलेल्या पायांनी तुडवून तूस सोडवणे, आणि शेवटी सालीच्या पसरट भांड्यात वाऱ्यावर पाखडणे. सूप नसले तरी हाताचा झटका तोच.

दुकानात मिळणाऱ्या पाकिटांविषयी एक सूचना. अगदी काळाभोर, चकचकीत दाणा असेल तर तो बहुधा शेतात लावलेला असतो आणि शिजायला पाऊण तास ते एक तास घेतो. तळ्यातून हाताने काढलेला आणि लाकडाच्या जाळावर भाजलेला दाणा फिकट, मिश्र छटांचा दिसतो, वीसेक मिनिटांत फुलतो आणि त्याला धुराचा किंचित वास असतो. दुसरा महाग पडतो, तरी घ्यायचा तर तोच घ्यावा, असे माझे मत आहे.

सर्व जण तिपीत राहत होते का?

वर्षभर नव्हे. उन्हाळी गावांत एल्म वृक्षाच्या सालीने मढवलेली मोठी, उतरत्या छपराची घरे असत. त्यांच्यासमोर लाकडी माच असे. त्यावर मका वाळत घालत आणि उकाड्याच्या रात्री माणसे झोपतही. शिकारीच्या आणि हिवाळ्याच्या मुक्कामांत तिपी उभारली जाई. तिचा उच्चार मराठीत लिहिणे सोपे आहे : 'थीपी', म्हणजे 'ते राहतात'. तीन मुख्य काठ्यांच्या आधारावर बाकीच्या काठ्या रचून त्यांवर कमावलेली कातडी ताणली जात. ती शिवणे, उभारणे, उतरवणे ही कामे स्त्रियांची होती आणि म्हणून घराची मालकीही त्यांचीच. घोडा या प्रदेशात अठराव्या शतकात रुळला. त्यापूर्वी सामान कुत्र्यांच्या पाठीमागे ओढत नेत, आणि घोड्यासाठी बनवलेल्या शब्दाचा अर्थ 'अद्भुत कुत्रा' असा आहे, यात सारे आले.

कुटुंबाची रचना कशी होती?

डकोटा जीवन समजून घ्यायचे तर एवढ्या एका प्रश्नापासून सुरुवात करावी. यांक्टन समूहात जन्मलेल्या भाषा-अभ्यासक एला डेलोरिया (१८८९–१९७१) यांनी आयुष्यभर वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले टिपून काढलेला निष्कर्ष असा होता की, डकोटा जीवनाचे अंतिम उद्दिष्ट नातेधर्म पाळणे, चांगला नातलग होणे, हेच होते. संपत्ती आणि पराक्रम यांना किंमत होती, पण ती त्याच्यानंतर.

आईच्या बहिणीलाही 'इना' म्हणजे आईच म्हणतात आणि वडिलांच्या भावाला 'आते' म्हणजे वडीलच; त्यामुळे मावशीची आणि काकांची मुले सख्खी भावंडे ठरतात. मामा आणि आत्या यांच्यासाठी मात्र स्वतंत्र शब्द आहेत. 'माय मरो पण मावशी उरो' म्हणणाऱ्या मराठी माणसाला ही वाटणी चटकन कळते, इंग्रजीतून समजून घेणाऱ्याला ती पाठ करावी लागते. (सावधगिरीने एक सांगायला हवे : 'आते' हा शब्द ऐकून मराठी कानांना आत्याची आठवण होते, पण तो केवळ योगायोग आहे.) थोरल्या भावाला पुरुष एका शब्दाने हाक मारतो आणि स्त्री दुसऱ्या, बोलणारा कोण, यावर शब्द ठरतो.

प्रत्येक नात्याचा वागण्याचा साचा ठरलेला असे. जावई आणि सासू एकमेकांशी थेट बोलत नसत, एकमेकांकडे रोखून पाहतही नसत. बाहेरच्यांना हे वैर वाटले, पण तो आदराचा सर्वोच्च प्रकार होता. आयुष्यभर नवऱ्याचे नाव न उच्चारणाऱ्या आपल्या आज्यांना हे एका वाक्यात पटले असते. याउलट मेहुणे आणि वहिनी यांच्यात थट्टामस्करी नुसती चालत नसे, तर ती अपेक्षित असे, आणि तिचा राग धरणारा माणूस असंस्कृत ठरे. परका माणूस मुक्कामात आला तर त्याच्याशी काय नाते लावायचे हे आधी ठरे. कारण नाते नसेल तर त्याला हाक कशी मारायची, त्याच्याशी कसे वागायचे, हेच कळत नसे.

सभेत बोलायला उभा राहणारा आजही आरंभी 'मिताकुयापी', म्हणजे 'माझ्या नातलगांनो', असे म्हणतो. प्रार्थनेच्या शेवटी येणाऱ्या 'मिताकुये ओवासिन', म्हणजे 'माझे सर्व नातलग', या शब्दांत तर माणसांबरोबर प्राणी, वृक्ष आणि दगडही धरलेले असतात. आता तो उंदीर आणि ती मूठभर मक्याची परतफेड पुन्हा आठवून पाहावी.

मुलांची नावे कशी ठेवत?

जन्मतःच मिळणारे नाव क्रमाचे असे. पहिले अपत्य मुलगा असेल तर चास्के, मुलगी असेल तर विनोना, दुसरे हेपान किंवा हापान, असे पाचव्यापर्यंत. मिनेसोटातील चास्का आणि विनोना ही दोन शहरे म्हणजे अनुक्रमे थोरला मुलगा आणि थोरली मुलगी, हे तिथे घर घेतलेल्या कित्येकांना माहीत नसते. (शाकोपी या गावाचे नाव एका प्रमुखाच्या नावावरून आले, त्याचा अर्थ 'सहा'.)

मोठेपणी कर्तृत्वावरून किंवा घटनेवरून दुसरे नाव मिळे. पुढे डॉक्टर झालेले चार्ल्स ईस्टमन (१८५८–१९३९) जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली, म्हणून त्यांचे नाव हाकादा, 'बिचारा शेवटचा', असे पडले. शेंडेफळ, पण लाडाचे नव्हे, दैवाने केलेले. त्यांना आजीने वाढवले. नंतर त्यांच्या गटाने चेंडूफळीच्या मोठ्या सामन्यात बाजी मारली तेव्हा त्यांना ओहियेसा, 'जिंकणारा', हे नाव देण्यात आले. १८९० च्या डिसेंबरात वुंडेड नी येथे लाकोटा लोकांची कत्तल झाली, तेव्हा जखमींवर उपचार करणारे डॉक्टर हेच.

डकोटा भाषा शिकायला कठीण आहे का?

मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा ती एका बाबतीत नक्कीच सोपी आहे. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हा भेद त्या भाषेत अर्थ बदलतो, आणि रोमन लिपीत त्यासाठी खास चिन्हे लावावी लागतात. मिनियापोलिसमधील ज्या मोठ्या तळ्याला २०१८ साली राज्याच्या नैसर्गिक संपदा खात्याने त्याचे मूळ नाव परत दिले, त्या 'ब्दे माखा स्का' या नावातील पहिले अक्षर उच्चारताना स्थानिक लोक अडखळतात. 'शब्द' म्हणता येणाऱ्याला त्यात अडचण नाही. शिवाय बोलणारा पुरुष की स्त्री यावरून काही रूपे बदलतात : अभिवादनाला पुरुष 'हौ' म्हणतो, स्त्री 'हान'. 'येतो' आणि 'येते' यांत वाढलेल्यांना याचे नवल वाटू नये.

धार्मिक विधींची माहिती इथे का दिलेली नाही?

थोडी आहे, पण मुद्दाम थोडीच. 'वाकान' म्हणजे पवित्र, गूढ, सामान्य समजुतीपलीकडचे. 'वाकान तांका' म्हणजे महान गूढ. १८८३ पासून अमेरिकन सरकारच्या नियमावलीने अनेक विधी गुन्हा ठरवले, आणि धर्मस्वातंत्र्याची कायद्याने स्पष्ट हमी १९७८ साली मिळाली. इतकी वर्षे जे लपवून जपावे लागले त्याविषयी लोक अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलत नाहीत, तर ते समजून घ्यावे.

प्रार्थनेच्या चिलमीचा तांबडा दगड मात्र सर्वांना पाहता येतो. नैर्ऋत्य मिनेसोटातील पाइपस्टोन येथे १९३७ साली राष्ट्रीय स्मारक झालेल्या खाणीत तो कठीण खडकाच्या जाड थरांखाली सापडतो, आणि केवळ मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांनाच तो हातोडा, पहार अशा साध्या हत्यारांनी काढण्याचा हक्क आहे.

गोष्टी फक्त हिवाळ्यातच का सांगत?

प्राचीन कथा, विशेषतः लबाड आणि भुकेल्या उन्क्तोमी या कोळी किड्याच्या, हिवाळ्याच्या रात्रींसाठी राखून ठेवलेल्या असत. उन्हाळ्यात कामे असतात, हे एक कारण. पण वेळ चुकवून गोष्ट सांगणे अयोग्य मानले जाई, हे अधिक महत्त्वाचे.

१८६२ साली काय घडले, आणि त्याचा जीवनपद्धतीशी काय संबंध?

१८५१ च्या दोन करारांनी डकोटांकडून दक्षिण मिनेसोटातील बहुतेक सारी भूमी घेतली गेली आणि त्यांच्याकडे मिनेसोटा नदीच्या दोन्ही तीरांवरील एक चिंचोळा पट्टा उरला. १८५८ साली त्याचाही उत्तरेकडील भाग गेला. वर जे ऋतुचक्र सांगितले ते अशा पट्ट्यात चालूच शकत नव्हते, त्यामुळे माणसे सरकारी वार्षिक रकमेवर आणि व्यापाऱ्यांच्या उधारीवर अवलंबून राहिली. १८६२ च्या उन्हाळ्यात रक्कम वेळेवर आली नाही, गोदामांत धान्य असूनही उधारी बंद झाली. यांतील अनेक व्यापाऱ्यांनी डकोटा स्त्रियांशी संबंध जोडलेले होते, म्हणजे डकोटा दृष्टीने ते नातलग होते. भुकेल्या नातलगाला दार बंद करणे हा अपमान आकड्यांत मांडता येत नाही.

ऑगस्टमध्ये युद्ध पेटले आणि सहा आठवड्यांत संपले. शेकडो वसाहतवाले आणि सैनिक मारले गेले. सर्वच डकोटा युद्धात सामील नव्हते आणि काहींनी बंदिवानांना वाचवलेही. लष्करी न्यायमंडळाने ३०३ जणांना फाशी सुनावली, त्यांतील काही खटले काही मिनिटांत उरकले होते. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी यादी कमी केली आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकाटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी होय. सुमारे १,६०० स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांना त्या हिवाळ्यात फोर्ट स्नेलिंगखालच्या छावणीत कोंडले गेले, म्हणजे नेमके ब्दोतेच्या कुशीत, जिथून आपण आलो असे ते मानत तिथेच. शेकडो जण तिथे मेले. १८६३ च्या कायद्याने उरलेल्यांना राज्याबाहेर घालवण्यात आले.

मग आज डकोटा लोक कुठे आहेत?

काही कुटुंबे गेलीच नाहीत, काही हळूहळू परतली. मिनेसोटात आज शाकोपी म्देवाकांतोन, प्रेअरी आयलंड, लोअर सू आणि अप्पर सू असे चार डकोटा समाज आहेत. शिवाय दोन्ही डकोटा राज्यांत, नेब्रास्कात आणि सीमेपलीकडे कॅनडातील मॅनिटोबा व सस्कॅचेवानमध्येही त्यांच्या वस्त्या आहेत. काही भूमीही परत मिळू लागली आहे : ज्या ठिकाणी १८६२ पूर्वी सरकारी ठाणे होते ते राज्य उद्यान २०२४ साली अप्पर सू समाजाकडे सुपूर्द झाले. रानगव्यांची कातडी दुर्मिळ झाल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांनी कापडाचे तुकडे जोडून आठ टोकांच्या ताऱ्याच्या गोधड्या शिवायला घेतल्या. नामकरण, पदवी, अंत्यविधी अशा प्रसंगी त्या आजही अंगावर पांघरून मान देतात. आपल्याकडच्या शालीचे काम तिथे गोधडी करते.

त्यांच्या कार्यक्रमाला बाहेरच्यांनी जावे का?

'वाचिपी' म्हणजे नृत्यमेळावा. बहुतेक वाचिपी सर्वांना खुले असतात आणि पाहुणे आलेले आवडते. नर्तकांचा प्रवेश होताना उभे राहावे आणि टोप्या काढाव्यात. छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे, आणि सूत्रधाराने नको सांगितले की कॅमेरा खाली ठेवावा. अंगावरच्या पोशाखाला 'कॉस्च्युम' किंवा वेषभूषा म्हणू नये. त्यातील मणीकाम आणि साळिंदराच्या काट्यांचे काम एखाद्या आजीने किंवा मावशीने महिनोन्महिने बसून केलेले असते, आणि विचारले तर कोणी केले हे नात्यासकट सांगतात. मधल्या वेळेत जेवणासाठी बोलावले तर आधी वृद्धांना वाढून होऊ द्यावे, मग रांगेत उभे राहावे.